खाड्याचे पैसे

आंबिवली हे शहाड आणि टिटवाळा यांच्या मधलं स्टेशन. टिटवाळ्याला लोक गणपतीसाठी उतरतात, शहाडला बिर्ला मंदिरातल्या विठोबासाठी. आंबिवलीला उतरतो तो बहुतेक इथलाच राहणारा, नाहीतर इथल्या कुणाचा तरी पाहुणा. एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला काळू, मध्ये मोहने, आटाळी, वडवली, गाळेगाव, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एनआरसी कंपनीची धुराडी. 2009 मध्ये ती कंपनी बंद पडली. माझ्या लहानपणी मात्र सगळा दिवस भोंग्यावर चालायचा. कुणाचे वडील कुठल्या पाळीला आहेत हे आळीतल्या पोराटोरांना पाठ असे, कारण रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या खिडकीखाली दंगा केला की मार ठरलेला.

मी कबड्डी खेळलो. विशीपासून चाळिशीच्या उंबऱ्यापर्यंत डाव्या कोपऱ्यात उभा राहिलो. आधी मातीवर, शेवटी शेवटी मॅटवर. आता पोरापोरींना शिकवतो. भारताकडून खेळलो नाही, महाराष्ट्राकडूनही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या स्पर्धांत नाव घेतलं की जुनी माणसं मान हलवतात, एवढीच मजल. एवढ्या भांडवलावर कुणी आत्मचरित्र लिहीत नाही आणि मलाही ते लिहायचं नाही. मी मैदानात होतो तेव्हा कारखान्यात माझ्या मशीनपाशी जो माणूस उभा होता, त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्याकडे भाताची कापणी झाली की कबड्डीचा हंगाम सुरू होई. दिवाळीनंतर गावोगाव मैदानं तयार होत. माती चाळायची, खडा न् खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी. चांगल्या मैदानावर अनवाणी पाय टाकला की कळे: तळव्याला गार लागे आणि अंगठा रुतून बसे. कोपऱ्यातल्या गड्याचं सगळं बळ त्या अंगठ्यात. चढाईला आलेल्याचा घोटा हातात आला की अंगठा रोवून मागे बसायचं. बाकीचं साखळी बघून घेते. होळीपर्यंत हे चाले. संध्याकाळी दिवे लावून सामने सुरू होत आणि अंतिम सामना संपेस्तोवर कोंबडं आरवायची वेळ होई.

आता यात अडचण अशी, की कारखान्याला हंगाम नसतो. मी अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर लागलो तेव्हा खेळाडूंची दोन जगं होती. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, बँका अशा ठिकाणी जे खेळाडू म्हणून घेतले गेले, त्यांना सरावाला सवलत होती, स्पर्धेला रजा होती. त्यांच्यापैकी कित्येक जण लालबाग-परळच्या चाळींतूनच वर आले होते. त्यांनी ते मिळवलं होतं. पण एका खेळाडूला अशी नोकरी लागली तर त्याच्याइतकेच उतावीळ दहा जण तीन पाळ्यांत अडकलेले असत. मी त्या दहांतला. दुसरी पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा, म्हणजे नेमकी सामन्यांची वेळ. पाळी चुकवली तर खाडा, आणि खाडा म्हणजे पगारातून कापलेला रोज. घरी आई, दोन बहिणी, वडिलांची नुकतीच संपलेली नोकरी. खाडा परवडणारा नव्हता.

नाना माझ्या शेजारच्या लेथवर होते. खटाव तालुक्यातले, गळ्यात माळ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आणि आंबिवलीतच राहायला. कबड्डीबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. आमच्या खेळाला ते उठाबशा म्हणत. त्यांचा जीव वारीत. आळंदीहून माउलींची पालखी निघाली की नानांचे पाय कारखान्यात ठरत नसत. तीन आठवड्यांची चाल. त्यांची हक्काची रजा तेवढी पुरत नसे, शिवाय गावाकडे लग्नं-मर्तिकं असायचीच. एका जूनमध्ये त्यांनी चहाच्या सुट्टीत सरळ व्यवहार मांडला.

"तुझा खेळ पावसात बंद असतोय ना?"

"हो, मातीवर चिखल होतो."

"मग आषाढात तू, पौषात मी. वहीत सह्या करू."

कारखान्यात पाळी अदलाबदलीची वही होती. दोघांनी सही केली, सुपरवायझरनं मान्य केली, की कुणाचा रोज कापला जात नसे. नानांच्या वारीतले काही दिवस मी त्यांची पाळी अंगावर घेत असे, आणि हंगामात माझ्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्याला नाना दुपारी तीनला मशीनवर उभे राहत. बाहेरगावची स्पर्धा असली तर आपली पहिली पाळी संपवून तिथेच माझी दुसरी सुरू करत आणि रात्री शेवटच्या कसारा लोकलनं आंबिवलीला उतरत.

हिशेब कधीच जुळला नाही. वारी वर्षातून एकदा, कबड्डी दिवाळी ते होळी. वहीतला माझ्या देण्याचा रकाना लांबत गेला. मी एकदा म्हणालो, नाना, गणपतीत तुमच्या चार पाळ्या करतो. ते म्हणाले, गणपतीत घरी राहा, आईला बरं वाटेल. नाना काही देवमाणूस नव्हते, हे सांगायला हवं. चहाचे पैसे ते दुसऱ्याला द्यायला कधी विसरत नसत आणि स्वतःचे मागायलाही विसरत नसत. माझं हत्यार नीट पुसलेलं नसलं तर चारचौघांत उणंदुणं काढत. पण पाळीच्या बाबतीत त्यांनी मला एकदाही नाही म्हटलं नाही. त्यांचं काय जात होतं, ते मला उशिरा, त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून कळलं: दुसरी पाळी घेतली की त्यांचा संध्याकाळचा हरिपाठ बुडे. वारकऱ्याला तो बुडणं म्हणजे काय, हे माळ घातलेल्यालाच कळेल. पौष-माघातल्या माझ्या प्रत्येक चांगल्या पकडीमागे त्यांचा एक हरिपाठ बुडालेला असणार.

1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा रीतसर समावेश झाला आणि भारतानं पहिलं सुवर्ण घेतलं. संघात महाराष्ट्राचे राजू भावसार होते, अशोक शिंदे होते. आम्ही आठवडाभर हवेत होतो. नानांनी पेपर घडी करून माझ्या लेथवर ठेवला. "उठाबशांना सोनं मिळालं म्हणं," एवढंच बोलले. त्या हिवाळ्यात मात्र वही मी पुढे करायच्या आधी तेच विचारू लागले, की औंदा तुझ्या स्पर्धा कधीपासून.

कबड्डीतल्या मंडळींना ठाऊक असलेली एक गोष्ट इथे सांगतो. जुन्या काळी हा खेळ निरनिराळ्या पद्धतींनी खेळत. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदानातच राही, नुसता गुण मोजला जाई. गामिनीत बाद झाला तो बाद. सगळा संघ उठेपर्यंत बाहेर बसायचं. संजीवनीत मात्र आपल्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. आज जगभर जे नियम चालतात ते या संजीवनीवर उभे आहेत. महाराष्ट्रात शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य वेचून या खेळाला नियम, संघटना आणि देशाबाहेरची वाट मिळवून दिली. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डीदिन म्हणून पाळतो तो उगाच नाही. संजीवनीतली मेख अशी, की बाहेर बसलेल्याला स्वतःच्या कर्तबगारीवर आत येता येत नाही. तिथे कितीही मांड्या थोपटा, दुसऱ्या कुणीतरी गुण आणावा लागतो. मी वर्षानुवर्षं नानांच्या गुणांवर आत येत राहिलो.

मग मॅट आली. 2004 मध्ये मुंबईत पहिला विश्वचषक झाला, 2007 मध्ये आपल्या पनवेलला दुसरा, आणि तोवर मोठ्या स्पर्धांतून माती जवळपास हद्दपार झाली होती. लोक म्हणतात खेळ तोच, फक्त जमीन बदलली. ज्यानं दोन्हींवर पकड केली आहे तो असं म्हणणार नाही. मॅटवर बूट घालावा लागतो आणि बुटात अंगठा मुका होतो. मातीत पाय घसरतो आणि घसरतानाही थोडा आधार देतो. मॅटवर पाय जिथे टेकला तिथे चिकटतो आणि वरचं शरीर फिरतं, तो पीळ सगळा गुडघ्यात जातो. चढाईवाल्याचा वेग वाढतो, त्यामुळे कोपऱ्यानं घोट्यासाठी झेपावायची वेळ अर्ध्या श्वासावर येते. चाळिशीला टेकलेल्या माणसानं हे नव्यानं शिकायचं म्हणजे पाटी-पेन्सिलीपासून सुरुवात. मला ते शिकवलं आटाळीच्या एका पोरानं. वयानं माझ्या निम्मा, मैदानात माझा कायमचा प्रतिस्पर्धी. काका, बूट एक नंबर लहान घ्या, आणि मागे बसू नका, पुढे सरका, असं तो सामन्याआधी येऊन सांगायचा, आणि सामन्यात माझ्याच हातातून निसटून हसायचा. त्याचंही मी देणं लागतो, पण ते सुखाचं आहे. तो भेटला की अजून हसतो.

गुडघा अखेर गेलाच. शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक महिने काठी. बायकोनं साड्यांना फॉल-पिको करून घर ओढलं, आणि काकू रोज संध्याकाळी निर्गुडीचा पाला घेऊन येत. शेक देताना त्यांचं बोलणं एकच: ह्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं, आता पाय धड ठेव. नाना तोवर निवृत्त झाले होते. त्यांचेही गुडघे वारीनं खाल्ले होते. आषाढीला मी त्यांना रिक्षानं शहाडच्या बिर्ला मंदिरात नेत असे. रांगेत दोन लंगडी माणसं एकमेकांना धरून. 2012 च्या पावसाळ्यात नाना गेले. वहीतला माझा रकाना तसाच राहिला.

हे सगळं मी मनातल्या मनात वागवलं असतं, लिहिलं नसतं. लिहावंसं वाटलं ते इंग्लंडमध्ये, यात मलाच गंमत वाटते. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं 2023 च्या मे महिन्यात लीड्सला गेलो. जावईबापूंनी हेडिंग्लेला नेलं. हेडिंग्ले म्हटल्यावर आपल्याला क्रिकेट आठवतं. 1992 मध्ये यॉर्कशायरनं पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिनला घेतलं ते याच गावात. पण त्या क्रिकेट मैदानाच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं मैदान आहे, दोघांत एक प्रेक्षागृह सामाईक. एका रविवारी तिथे मॅरेथॉन संपत होती आणि आम्ही ती टीव्हीवर पाहत होतो. केव्हिन सिनफील्ड नावाचा एक माणूस आपल्या जुन्या सहखेळाडूला, रॉब बरोला, चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत सगळी मॅरेथॉन धावला. बरोला 2019 मध्ये मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं होतं. शेवटच्या रेषेपाशी सिनफील्डनं त्याला उचललं, हातांवर घेतलं आणि रेषा ओलांडली. बरो पुढच्या वर्षी जूनमध्ये गेला.

हा सिनफील्ड कोण, म्हणून मी जावयांना विचारलं. ते म्हणाले, बाबा, इथे रग्बी दोन आहेत. एक पंधरा जणांची, युनियन. एक तेरा जणांची, लीग. सिनफील्ड लीगमधला, लीड्सचा कर्णधार, त्याच्या काळात लीड्सनं सात वेळा विजेतेपद मिळवलं. 2015 मध्ये तो युनियनकडे गेला, उतारवयात नवा खेळ शिकला. मग प्रशिक्षक झाला, आधी लेस्टरचा, मग थेट इंग्लंडच्या युनियन संघाचा, आणि तोही बचावाचा. हे ऐकल्यावर मी सरसावून बसलो. बचाव शिकवणारा माणूस कुठल्याही देशातला असो, तो आमच्या कोपऱ्यातला. अँडी फॅरेलचंही तसंच: विगनला लीग गाजवून 2005 मध्ये युनियनकडे, 2007 च्या विश्वचषकात इंग्लंडकडून मैदानात, आणि 2023 मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली आयर्लंडनं ग्रँड स्लॅम मिळवला.

पण एका खेळाचे दोन खेळ का झाले? उत्तर लीड्सहून अर्ध्या तासाच्या आतल्या गावात होतं. हडर्सफील्ड स्टेशनबाहेरच्या चौकात जॉर्ज हॉटेलची जुनी दगडी इमारत उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. 29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तर इंग्लंडमधले क्लब तिथे जमले आणि लंडनच्या संघटनेतून बाहेर पडले. कारण होतं खाडा. उत्तरेकडचे खेळाडू कापडगिरण्यांतले, कोळशाच्या खाणींतले. शनिवारी सामन्याला जायचं तर कामाचे तास बुडत, रोज कापला जाई. क्लबांनी 1893 मध्ये लंडनच्या सभेत ठराव मांडला, की बुडालेल्या वेळेची भरपाई खेळाडूला देऊ द्या. ठराव 136 विरुद्ध 282 मतांनी पडला. पैसे घेतले की हौसेचा खेळ धंदा होतो, हा दक्षिणेकडच्या सुखवस्तू मंडळींचा मुद्दा. दोन वर्षांनी उत्तरेनं वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग ठरवले. सहा शिलिंगांवरून खेळ दुभंगला. लीगमध्ये गेलेल्याला युनियनची दारं बंद झाली, ती थेट 1995 पर्यंत. त्या ऑगस्टमध्ये युनियननंही पैसा मान्य केला तेव्हा सिनफील्ड-फॅरेलसारख्यांना ये-जा करता आली.

त्या बंद हॉटेलसमोर मला अंबरनाथची वही आठवली. आपल्याकडे असा ठराव कुणी मांडला नाही, पडला नाही, संघटना फुटली नाही. भांडण झालंच नाही, कारण बिल परस्पर फेडलं जात होतं. ते नानांनी फेडलं, काकूंनी फेडलं, माझ्या बायकोच्या शिलाई मशीननं फेडलं. गावोगावच्या मैदानांवर जे खेळले त्या प्रत्येकाच्या मागे असा कुणीतरी आहे, आणि स्मरणिकेत त्याचं नाव छापलेलं मला अजून दिसलेलं नाही. आमच्या खेळाला साधेपणाचा फार अभिमान आहे: ना बॅट, ना बॉल, खर्च शून्य. हे मला मान्य नाही. साहित्याचा खर्च शून्य आहे, वेळेचा नाही.

2014 मध्ये प्रो कबड्डी आली, लिलाव सुरू झाले, टीव्हीवर खेळाडूंची नावं झळकली. चांगलंच झालं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या ठाणे जिल्ह्याचा गिरीश इरनाक भारताच्या संघात होता, माझ्याच डाव्या कोपऱ्यातला गडी. त्याच स्पर्धेत पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले आणि मुली अंतिम सामन्यात हरल्या, त्याही इराणकडून, 24 विरुद्ध 27. इराणच्या मुलींची प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन. माझ्या पोरींना मी हे आवर्जून सांगतो. हरल्याचं दुःख एका बाजूला. पण आपल्या नाशिकची बाई परक्या देशात जाऊन तिथल्या मुलींना घडवते आणि सोनं आणते, यापरतं आमच्या खेळाचं कौतुक दुसरं नाही.

लिलावाचा पैसा मात्र वरच्या थरापर्यंतच पोचतो. माझ्याकडे येणारी पोरं पार्सल पोचवतात. पोरी शनिवार-रविवार लग्नाच्या हॉलमध्ये वाढपाला जातात, गोदामांत पॅकिंग करतात. काहींच्या आया धुणीभांडी करतात आणि पोरगी स्पर्धेला गेली की दोन घरं तिच्या वाटची स्वतः उरकतात. एकीची आई मला म्हणाली, "सर, घेऊन जा तिला, रविवारचं मी बघते." नाना असेच बोलायचे. फरक एवढाच, की नानांकडे वही होती आणि सही केली की रोज वाचत होता. या बाईकडे वही नाही. अलीकडे मी संघ नेण्याआधी आयोजकांना एकच अट घालतो: खेळाडूंचा बुडालेला रोज द्यायचा. काही मंडळं ऐकतात. काही हसतात, म्हणतात, सर, पोरं हौसेनं येतात हो.

म्हणून ज्यांच्या हातात पावतीपुस्तक आहे त्यांना ही विनंती. भात कापून होईल, दिवाळीनंतर पुन्हा मंडप पडतील, पाहुणे येतील, शाली-श्रीफळं होतील. माणसाच्या उंचीचा चषक कंबरेइतका केलात तरी खेळ अडत नाही. प्रत्येक संघातल्या बारा जणांचा त्या दिवसाचा रोज आणि जाण्या-येण्याचं भाडं बाजूला काढा. हरलेल्यांनाही द्या, पहिल्या फेरीत हरलेल्यांना तर नक्की द्या. सही घेऊन, त्याच रात्री, मैदान सोडायच्या आधी द्या.